जुन्या मशीनची फ्लॉपी आणि सुनंदाचे गाऱ्हाणे

अमानवीय म्हणावे असे काही माझ्या वाट्याला यावे, अशी माझी इच्छा कधीच नव्हती. गणितात एम. ए. केलेली बाई मी. उंबऱ्यावर लिंबू सापडले तर त्याचे सरबत करणारी. अशा सदरांतले अनुभव मी आवडीने वाचते आणि प्रत्येकातली पळवाट मनातल्या मनात शोधून काढते. माझ्या स्वतःच्या अनुभवातली पळवाट मात्र अजून सापडलेली नाही… म्हणून हे पहिल्यांदाच, बऱ्याच संकोचाने, लिहिते आहे.

रत्नागिरी, ऐंशीच्या दशकाची अखेर. भाट्याच्या खाडीकडे खिडकी असलेले, एका बर्फ कारखान्याचे ऑफिस. मासेमारीच्या लाँचना बर्फ पुरवायचा, हा धंदा. मालक भाऊशेठ हौशी होते. गावात बहुतेकांनी संगणक पाहिलाही नव्हता, तेव्हा त्यांनी एक आणून ठेवला होता. मुले मोठी झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर मी संगणकाचा वर्ग केला आणि तिथे नोकरीला लागले. वर्गात वयाने सर्वांत मोठी मी, आणि शंका विचारायला सर्वांत जास्त लाजणारीही मीच.

खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. भरतीचे पाणी असेल तरच लाँच आत येत, आणि त्या वेळी बर्फ फोडून तयार हवा. तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा आधीच काढून देणारा प्रोग्राम मी लिहायला घेतला. हिवाळाभर त्यावर बसले. शाळेच्या गुणपत्रिकांनंतर ‘हे माझे’ म्हणावे असे मी केलेले ते पहिलेच काम होते.

मग सुनंदा आली. पालीच्या पुढल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, रोज एस.टी.ने यायची. वयाने माझ्या थोरल्यापेक्षा लहान. टायपिंगला म्हणून घेतली, आणि पाहता पाहता बर्फाच्या साठ्याचा प्रोग्राम लिहून मोकळी झाली. चुकली तर मोठ्याने हसायची आणि कोणालाही विचारायची. मला ते कधी जमले नाही. शेठ तिच्या टेबलाशी उभे राहून चहा पीत. माझ्या टेबलावर नुसता कप ठेवून जात. हे असले बारीकसारीक मी टिपून ठेवी.

त्याच सुमारास नवे मशीन आले – डॉस नावाच्या सिस्टीमवर चालणारे. आणि माझे घोडे अडले.

थोडे समजावून सांगावे लागेल. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर जुन्या मशीनच्याच खोक्यातून, त्याच्याबरोबर फुकट आलेला. आला तेव्हाच तो शिळा होता. त्याच्या आज्ञा त्याच्यापुरत्याच. दुसरा कोणताही कंपायलर त्या मानत नसे. मला मात्र तेच जगाचे व्याकरण वाटले होते. सुनंदाने नव्या मशीनचा कंपायलर शिकून आपला प्रोग्राम चार दुपारींत पुन्हा बांधला. माझा सगळा हिशेब त्या जुन्या आज्ञांत रुतलेला.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने माझा तयार प्रोग्राम नव्या मशीनला वाचता येईल अशा फ्लॉपीवर उतरवून दिला, पण बजावले, “मॅडम, फाइल दिसेल. चालणार मात्र नाही. सिस्टीम वेगळी, आतला प्रोसेसरही वेगळा.” आमच्या जुन्या डब्यांत गोठवलेली बर्फाची लादी बर्फ फोडायच्या नव्या क्रशरच्या तोंडात जात नसे, तसेच ते. तरी मी रोज चालवून पाहायची. कर्सर नाहीसा व्हायचा, मशीन मुके व्हायचे, आणि बंद करून पुन्हा सुरू करावे लागायचे.

“काकू, मी बसू का तुमच्यासंगं? दोघी मिळून नवीन लिव्हू,” सुनंदा म्हणाली.

“नको. माझे मी बघेन.”

“बरा. पण ह्या मशीनवर रागवू नका वो. तेचा काय दोष?”

तिच्या ‘काकू’नेही मला टोचायचे.

शेठनी जाहीर केले होते की जुने मशीन विकायचे आणि नव्याचा ताबा आम्हा दोघींपैकी एकीला द्यायचा. दुसरीने बिले टाइप करायची. त्याआधी लाँचवाल्यांना बोलावून एकदा सगळे दाखवायचे ठरले.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. महादू तांडेल आणि आणखी काही लाँचवाले खुर्च्यांवर अवघडून बसले होते. सुनंदाने साठा दाखवला. माना डोलल्या. मग महादू म्हणाला, “बर्फाचा झाला. भरतीचा काय? शेठ म्हनले व्हते, मशीन पानी सांगतंय.”

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “या मशीनवर अजून… होत नाही.”

“होत कसा नाय? काकूंचा तर कवाचा तयार हाय,” असे म्हणून सुनंदाने माझ्या टेबलावरची फ्लॉपी उचलली. मी पुटपुटले, की ती जुन्या मशीनची आहे, चालणे शक्यच नाही. तोवर फ्लॉपी मशीनमध्ये गेली होती.

“ऱ्हवा,” ती हसून म्हणाली, “गाऱ्हाना घालू. तुम्ही समद्यांनी व्हय म्हना.”

कोकणात कोणत्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणे घालतात. एकाने मागणे मागायचे, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. सुनंदाने अर्ध्या थट्टेने, पण डोळे मिटून, सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा… काकूंनी लय कष्टानं लिव्हलंय.”

“व्हय म्हाराजा,” लाँचवाले एका सुरात म्हणाले. शेठसुद्धा.

“जुना-नवा काय आसल ता पोटात घाल, आनि ह्या मशीनला बुद्धी दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

माझ्या कामासाठी तिने मागावे, आणि मी तिच्या मागे व्हय म्हणावे – ओठ उघडलेच नाहीत.

तिने एंटर दाबले. कर्सर नाहीसा झाला… आणि पडद्यावर माझे शीर्षक उमटले. त्याखाली माझा तक्ता – तारीख, भरती, ओहोटी – एकेक ओळ सावकाश उतरत गेली. जुन्या मशीनवर उतरायची अगदी तश्शी.

महादूने संध्याकाळच्या भरतीची वेळ वाचून घेतली, खिडकीतून खाडीकडे पाहिले, आणि बोटांवर तिथी मोजली. “बरोबर हाय. आज अष्टमी, भांगाचं पानी, जास्त चढायचा नाय.” मग सुनंदाकडे वळून म्हणाला, “पोरीच्या हाताला गुन हाय.”

त्या वाक्यावर शेठनी निर्णय देऊन टाकला. ताबा सुनंदाला.

दुसऱ्या दिवशी मी फ्लॉपी घातली. मशीन मुके. ती आली, हसत गाऱ्हाणे घातले, कारकुनांनी पेनं खाली न ठेवता व्हय म्हटले, आणि तक्ता उतरला. पुढे तो परिपाठच झाला. तिच्या हातून चालायचे; माझ्या हातून कधीच नाही. तक्ता माझा, गणित माझे, आणि लाँचवाले म्हणायचे, “सुनंदाची भरती.” इंजिनिअर पुन्हा आला, तो नेमका सुनंदा रजेवर असताना. त्याच्या हातूनही चालले नाही. त्याने फाइल तपासली आणि अगदी सौम्यपणे मला विचारले, “मॅडम, तुम्ही नक्की हीच फाइल चालताना पाहिलीत ना?”

पुढे सुनंदाचे लग्न ठरले, नवरा मुंबईला. शेवटच्या दिवशी तिने फ्लॉपी माझ्या हातात दिली.

“काकू, एक इचारू? गाऱ्हान्याला तुम्ही कदी व्हय नाय म्हनलाव.”

“माझा विश्वास नाही अशा गोष्टींवर.”

“माजा तरी कुटं हाय?” ती म्हणाली. “पन चारचौघांनी व्हय म्हनलं का बरा वाटतं.” आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाली.

नव्या मशीनचा ताबा आपसूकच माझ्याकडे आला. मी नवा कंपायलर शिकले आणि भरतीचा प्रोग्राम सगळा नव्याने लिहिला. तो कोणाच्याही हातून चालायचा. त्यात काही विशेष नव्हते, आणि कोणी विशेष म्हटलेही नाही.

तिच्या जाण्यानंतर एकदा मात्र, सगळे जेवायला गेले असताना, मी जुनी फ्लॉपी घातली. दार लोटून घेतले. लाजेने कानशिले तापली होती. “बा देवा महाराजा…” माझा पुस्तकी उच्चार मलाच परका वाटला. मागणे मागून झाले आणि मी थांबले. खालून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. ‘व्हय’ म्हणायला खोलीत कोणीच नव्हते.

मी एंटर दाबले. कर्सर नाहीसा झाला… आणि परत आला नाही.

ते कसे घडत होते, याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही. जाणकारांना विचारले तर ते नम्रपणे विषय बदलतात. फ्लॉपी कपाटात आहे, ती वाचणारे मशीन आता कुठे मिळणार? खरे सांगायचे तर त्या नवलापेक्षा मला आजही एवढेच सलते, की ते माझ्या कामावर घडले, आणि तिच्या हातून.