वहिनीचा एक दिवसाचा खंड

माझ्या वहिनीला सतरा वर्षांत अठरा वेळा नोकरीवरून कमी केलं, आणि अठराही वेळा ते पत्र मीच टाइप केलं. हुकमाचे ताबेदार आम्ही, असं मी आईला सांगायची. आई म्हणायची, हुकूम साहेबाचा असेल, बोटं तर तुझीच ना.

आमची संस्था ध्रुवांकडच्या जमिनीवर संशोधन करते. तिथली कायम गोठलेली माती यंत्रानं खोल भोसकून काढतात, तिचे हातभर लांबीचे दांडे नळ्यांत भरतात आणि आमच्या तळघरातल्या शीतखोलीत आणून रचतात. या दांड्यांना कोअर म्हणायचं. उणे वीस अंशांत बाराशे कोअर, आणि त्यांची राखणदार माझी वहिनी. कुठला कुठल्या फळीवर आहे, कुठला तडकलाय, कुठल्या नळीचं झाकण कुणी वेंधळ्यासारखं लावलंय, सगळं तिला तोंडपाठ. मोठमोठे शास्त्रज्ञ जिना उतरून येत आणि म्हणत, "ताई, तो आपला काळपट, वर वाळू असलेला..." वाक्य पुरं व्हायच्या आत तो त्यांच्या हातात असे. या संस्थेत काम येणारी माणसं तळघरात बसतात आणि सही येणारी दुसऱ्या मजल्यावर, हे माझं जुनं मत आहे.

वहिनी वनस्पतिशास्त्राची एमएस्सी, तीही पहिल्या वर्गात. लग्न झालं तेव्हा दादाच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा आरसेच जास्त होते, म्हणून तीन महिन्यांपुरती ती इथे लागली. त्या तीन महिन्यांची सतरा वर्षं झाली, पण नोकरी काही कायम झाली नाही.

ही करामत आमच्या हेडक्लार्कची. सलग वर्षभर काम केलं की माणूस कायम होण्याचा हक्क मागतो, म्हणून अकरा महिने झाले की ते एक दिवसाचा खंड देत आणि दुसऱ्या दिवशी नवं नेमणूकपत्र. सगळी संस्था पाठीमागे त्यांना खंडेराव म्हणे. खंडाच्या पत्रातलं वाक्य त्यांनी स्वतः घडवलं होतं. बाकी कागदांवर ते न वाचता सही ठोकत, पण या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवलेला त्यांना खपत नसे: 'सदर दिवशी आपण संस्थेच्या सेवेत नसाल, व आपला संस्थेशी कोणताही संबंध राहणार नाही.'

तो दिवस वहिनी घरी काढी. एकदा अशाच दिवशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरण्या मांडत बसली. कोअर कापताना जो भुगा पडतो तो शास्त्रज्ञ टाकून देतात. वहिनीनं मॅडमना, म्हणजे तिथल्या प्राध्यापकबाईंना, विचारून तो चिखल घरी आणला होता. महिन्याभरानं एका बरणीत हिरवं काहीतरी उगवलं. सहाशे वर्षं गोठलेलं शेवाळ जागं झालं होतं. वहिनी ते बघत नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आईनं ती बरणी घासून लख्ख केली आणि वर विचारलं, एवढी घाण कधीपासून साचली होती.

"सहाशे वर्षांपासून," वहिनी म्हणाली.

तेव्हापासून आई बरण्यांना हात लावण्याआधी त्यांचं वय विचारते. वहिनीनं मात्र नाद सोडला नाही. कुठल्या थराची माती, किती दिवसांनी काय उगवलं, काय उगवलंच नाही, हे ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत गेली. वितळत्या जमिनीत आधी कोण उठतं आणि कोण झोपूनच राहतं, एवढा एकच प्रश्न तिला पडला होता. त्यावर नीट पीएचडी करायची, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

संस्थेत दरवर्षी पीएचडीच्या दोन-तीन जागा निघत. ध्रुवीय परिसंस्था, गोठलेली जमीन, असले विषय, आणि वयाची अट नाही. वहिनीनं दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा खंडेरावांनी तो कलम पाचवर बोट ठेवून परत पाठवला: 'अर्ज दाखल करतेवेळी उमेदवार संस्थेच्या सेवेत नसावा.' राजीनामा देऊन अर्ज करावा, तर जागा मिळाली नाही की तेलही गेलं, तूपही गेलं. दुसरा अर्ज परत आला त्या संध्याकाळी तिनं बरण्या माळ्यावर टाकल्या. परतीचं पत्रही मीच टाइप केलेलं होतं.

तिसऱ्या वर्षी खंडेरावांनी माझ्या टेबलावर दोन मसुदे एकदमच ठेवले. एक वहिनीचा अठरावा खंड, तारीख अठरा. दुसरा पीएचडीच्या जागांची जाहिरात, अर्जाचा शेवटचा दिवस पंधरा. मी खंडाचं पत्र अगदी स्वल्पविरामासकट टाइप केलं. जाहिरात टाइप करताना मात्र बोट घसरलं आणि पंधराचे अठरा झाले. खंडेरावांनी एकावर वाचून आणि दुसऱ्यावर न वाचता सही केली. जाहिरात फलकावर लागली.

रात्री भांडी विसळताना वहिनीनं विचारलं, "वन्सं, पाच आणि आठ यांच्यामध्ये किती कळा असतात हो?"

"दोन."

"बोट बरंच लांब घसरलं म्हणायचं."

"हिवाळा आहे," मी म्हणाले. माळ्यावरच्या बरण्या त्याच रात्री खाली आल्या.

अठरा तारखेला ती संस्थेच्या दाराशी आली, तर वॉचमननं तिच्यापुढे पाहुण्यांची वही सरकवली. सेवेत नसलेल्यानं सही करूनच आत जायचं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात तिनं लिहिलं, 'टायपिस्ट'. आवकचा शिक्का माझ्याच टेबलावर असतो. मी तो तिच्या अर्जावर इतक्या जोरात मारला की तारीख खालच्या कागदावरही उमटली. खंडेराव तेव्हा तळघरात होते. खंडाच्या दिवशी शीतखोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि मॅडमना नेमका त्याच दिवशी तो काळपट, वर वाळू असलेला कोअर हवा होता.

मुलाखतीला संचालक, मॅडम, बाहेरगावचे एक परीक्षक आणि सचिव म्हणून खंडेराव बसले होते. कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी. वहिनी साडीवर शीतखोलीचा जाड कोट घालून आली होती. ती खुर्चीत टेकायच्या आत खंडेराव म्हणाले की या बाई कर्मचारी आहेत, कलम पाच लागू होतं, मुलाखतीचा प्रश्नच येत नाही.

वहिनीनं फाइल उघडून अठरावं पत्र टेबलावर ठेवलं. संचालकांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. 'कोणताही संबंध राहणार नाही' इथे त्यांचा आवाज जरा खाली आला.

"तो खंड तांत्रिक आहे," खंडेराव म्हणाले. "प्रत्यक्षात त्या सलग सेवेतच आहेत."

"मग तेवढंच लिहून द्या, साहेब," वहिनी म्हणाली. "अठराही खंड तांत्रिक, सेवा सतरा वर्षं सलग. मी अर्ज आत्ता मागे घेते."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. लिहून द्यावं तर बाई कायम होते, न द्यावं तर अर्ज वैध ठरतो. खंडेरावांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. संचालक म्हणाले, मुलाखत सुरू करा.

परीक्षक बिचारे बाहेरचे. त्यांना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना विचारायचा तो सोपा प्रश्न विचारला, गोठलेल्या जमिनीला 'कायम' केव्हा म्हणतात?

"सलग दोन वर्षं ती गोठलेली राहिली की," वहिनी म्हणाली. "फक्त दोन वर्षं, सर. मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

संचालकांनी मान खाली घातली. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. परीक्षक इकडेतिकडे बघून म्हणाले, बरोबर आहे की. मी इतिवृत्तात लिहिलं, 'उमेदवाराने व्याख्या अनुभवासह सांगितली.' मग वहिनीनं पिशवीतून बरणी काढली, कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली आणि पाऊण तास बोलली. इतकं बोलताना मी तिला घरातही ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोन ओळी लिहायच्या राहिल्या.

जागा तिला मिळाली. वयानं निम्म्या असलेल्या दोन मुलांबरोबर तीही संशोधक झाली. पहिल्या उन्हाळ्यात तिला ध्रुवाकडे सहा आठवड्यांसाठी पाठवलं, तेव्हा आईनं घरातले सगळे स्वेटर तिच्या बॅगेत कोंबले. वहिनी म्हणाली, "आई, तिथे आत्ता उणे दोन आहे. मला उकडेल."

अकरा महिने झाले तेव्हा खंडेरावांनी सवयीनं माझ्या टेबलावर एकोणिसाव्या खंडाचा मसुदा आणून ठेवला. संशोधकांची नेमणूक सलग चार वर्षांची असते, त्यात खंड नसतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागद उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि घडी करून खिशात ठेवला. मला त्यांची दया आली, पण अगदी थोडी.

आणखी तेरा महिन्यांनी, दुपारच्या वेळी, वहिनी दुसऱ्या मजल्यावर आली. कोटावर छातीशी तिनं कोअरच्या नळीवर लावतात तसलं एक लेबल चिकटवलं होतं. ती सरळ खंडेरावांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, नमुना तपासून सही करता का?"

त्यांनी चष्मा लावला. लेबलावर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सापडल्याचे ठिकाण: तळघर. खंड: नाही. सलग: दोन वर्षे. वर्ग: कायम.'

त्यांनी ते एकदा वाचलं, मग परत वाचलं. मग खुर्चीतून उठले, पेनाचं टोपण काढलं, आणि वहिनीच्या कोटावरच वाकून सही केली. खाली तारीखही घातली.