विलायतेची दिलगिरी

हल्ली विलायतेतला पेपर उघडला की पहिल्याच पानावरून मथळे अंगावर येतात. पूर्वी पहिलं पान सगळं बारीक जाहिरातींचं असे आणि बातम्या आत, अदबीने बसलेल्या. आमच्या थोरल्या काकांना त्या अदबीचंच वेड होतं. हेडमास्तरकीची पेन्शन खाणारा हा माणूस रत्नागिरीत बसून लंडनचं साप्ताहिक मागवायचा. मुंबईच्या बोटीने गठ्ठा आला की ओटीवरचा झोपाळा थांबायचा. आपल्याकडचे पेपर वाट्टेल ते छापतात, विलायतेत छापलेलं खोटं नसतं, हे त्यांचं ठाम मत. देवावरसुद्धा त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

आत्या, त्यांची धाकटी बहीण, तेव्हा आमच्याकडेच राहायची. नवरा बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेलेला, आणि पत्र लिहायचा त्याला भारी कंटाळा. ती रोज माझ्या वेण्या घालायची. तिचे स्वतःचे केस गुडघ्याला लागत.

एका चैत्रात काकांनी अंक उघडला आणि आत्याला हाक मारली. एक हिंदू विद्यार्थी नदीत बुडाला होता आणि नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

"दादा, एक तार करून विचार तरी," आत्या म्हणाली. ती रडतही नव्हती.

"अगो, पेपरात आलंय! आता त्यांना काय विचारू, खरं छापलंत का म्हणून? हसतील आपल्याला."

तार गेली नाही. प्रेत नव्हतं, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. दहाव्या दिवशी न्हावी आला. आईने मला परसात नेलं, तरी आत्याची किंकाळी ऐकू आलीच. ती दादालाच हाका मारत होती.

त्याच सुतकात पुढचा गठ्ठा आला. सुतकात पेपर वाचणार नाही, असं काकांनी जाहीर केलं. मेला तो मोठेपणा! पण आंबा सुतक थोडाच पाळतो? बागेतल्या गड्यांनी तो गठ्ठा पेट्यांत पेंढ्याखाली अंथरायला नेला. त्यातली एक पेटी मुंबईला धाकट्या काकांकडे गेली. आंबे काढताना खालच्या कागदावर त्यांना चार ओळी दिसल्या: बुडालेला विद्यार्थी दुसराच, आमच्याकडून चूक झाली, दिलगीर आहोत. मिळेल त्या बोटीने ते तो कागद घेऊन आले. दार उघडायला लाल आलवणातली आत्या आली.

भटजींनी तिला कुंकू परत दिलं. केस कोण देणार? नवरा बॅरिस्टर होऊन मुंबईला उतरला. बोडकी बायको चारचौघांत कशी आणू, असं कळवून त्याने दुसरी केली. केस वाढेपर्यंतही तो थांबला नाही.

थोरल्या काकांनी मात्र लंडनला कडक पत्र लिहिलं. आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल खेद वाटतो, असं संपादकाचं उत्तर आलं. काकांनी त्याला चौकट करून ते ओटीवर लावलं. येईल त्याला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "याला म्हणतात सभ्यता!"

एकदा पाहुणे गेल्यावर आत्या पदर घट्ट ओढून त्या चौकटीखाली उभी राहिली.

"दादा, यात माझ्या केसांबद्दल काय लिहिलंय?"

"ते मी त्यांना कळवलंच नाही गो," काका म्हणाले. "आपल्या घरातलं परक्यांना कशाला सांगायचं? काय म्हणतील ते आपल्याला!"

आणि त्यांनी नव्या अंकाचं वेष्टन फाडलं.