आतल्या गाठीची
पाटीत पिकत घातलेल्या सीताफळांचा गोड वास आला, की धारूरच्या सासरचं माझं पहिलं वर्ष आठवतं. मी कमी बोलायचे, म्हणून सासूबाई माझ्यावर नजर ठेवून असायच्या; नणंद मात्र दिवसभर बडबडायची, तिच्या पोटात काही राहत नाही असं सगळेच म्हणायचे. तिचं लग्न ठरलं आणि थोड्याच दिवसांत मुलाकडच्यांनी नकार कळवला. पोरीला लग्न करायचं नाही, असा आमच्याच घरातल्या कुण्या बाईचा फोन त्यांना गेला होता. सीताफळं निवडता निवडता सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तूच केलास ना फोन? लई आतल्या गाठीची हाईस तू." नवराही संशयाने बघत राहिला. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तेवढ्यानेच दोघांची खात्री पटली. तेव्हा नणंद दारातून म्हणाली, "वयनीनं न्हाई, मीच केलाय." सासूबाई हबकल्या. "अगं, दिसभर बोलतीस, मग हे कावून न्हाई बोललीस?" "मी सारखी बोलत व्हते, म्हणून मला कुणी काही इचारलंच न्हाई." ते लग्न मोडलं ते मोडलंच. आजही ती फोनवर तासभर बोलते, तिने दम घेतला, की मी विचारते, "ते सगळं राहू दे, तू कशी हाईस?"