पोटाचा गुण
तापलेल्या मातीवर पाणी सांडल्याचा वास आला, की मला दुष्काळातला बीडकडचा आमचा कॉलेजचा वर्ग आठवतो. ग्रीक तत्त्वज्ञाचं आदर्श राज्य समजावताना सरांनी फळ्यावर माणूस काढला होता. डोकं म्हणजे राज्यकर्ते, त्यांचा गुण शहाणपण. छाती म्हणजे सैनिक, त्यांचं धैर्य. पोट म्हणजे कष्टकरी, त्यांचा संयम. तेवढ्यात ऊसतोड कामगारांची मुलगी असलेली माझी मैत्रीण उठली. “सर, टँकर आधी कारखान्याच्या चेअरमनच्या बंगल्यावर रिकामा व्हतोय. मग संयम आमीच का म्हनून ठेवायचा?” कॉलेज त्याच चेअरमनच्या संस्थेचं होतं. सर म्हणाले, “संयम तिघांनाही लागतो. डोक्याला तर सगळ्यात आधी.” पुढच्या वर्षी सर कॉलेजात नव्हते. आता तोच धडा मी शिकवते, आणि संयमापाशी आले, की कुणी उठतंय का, याची वाट बघते.