ओढ्यातली सवत

लग्नाच्या बोलणीतच नवऱ्याकडच्यांनी सांगितलं होतं, की त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी रत्नागिरीची, बांगड्याच्या वासावर वाढलेली. तरी त्याच्यासाठी मी मासे सोडले आणि त्याच्यामागोमाग अमेरिकेत, रेडमंडला आले. तर दोन वर्षांनी हाच माणूस माशांच्या नादी लागला.

खायच्या नव्हे. खाल्ले असते तर मी आनंदाने तळून वाढले असते.

त्याच्या ऑफिसमागून एक ओढा वाहायचा. कधी काळी कुणी तरी तो नाल्यासारखा सरळ केला होता, काठची झाडं तोडली होती, आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणारे सॅमन मासे यायचे थांबले होते. आता दर शनिवारी काही लोक जमून त्याला पुन्हा ओढ्याचं रूप देत होते. काटेरी ब्लॅकबेरी उपटायची, काठावर झाडं लावायची, पाण्यात मोठे ओंडके आडवे टाकायचे, म्हणजे पाणी जरा थबकतं आणि माशांना विसावा मिळतो. हा त्यांना जाऊन मिळाला.

शनिवार माझा होता. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी एकच, ती हा घेऊन जायचा. आठवडाभर मी खिडकीतून पाऊस बघायची. शनिवारी तो मला ड्रायव्हिंग शिकवणार होता. मी हाताशी लर्नर्स परमिटही घेऊन ठेवलं होतं. सुरुवातीला मी भारतातल्या सवयीने डाव्या दाराशी जाऊन उभी राहायची, शेजारी बसणाऱ्याचं दार तेच ना. इथे त्या बाजूला स्टिअरिंग. तो हसून म्हणायचा, "चालवणार का?" थोडे धडे झालेही. मग ओढा आला, आणि प्रत्येक शनिवारी "नेक्स्ट वीक पक्का" सुरू झालं.

संध्याकाळी तो चिखलाने माखून, हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन यायचा. मी हळद लावायची आणि तो त्या ओरखड्यांकडे कौतुकाने बघत बसायचा. मला फोडणीचा चटका बसला तेव्हा "पाण्याखाली धर" एवढं म्हणून लॅपटॉपमध्ये शिरला होता. मला त्या ओढ्याचा राग यायचा. राग कसला, मत्सरच तो.

"ती सॅमन जिथे जन्मते ना, त्याच ओढ्यात परत येते, अंडी घालायला," एकदा जेवताना तो म्हणाला.

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी."

"एक्झॅक्टली," तो खूश झाला. "आणि आपण तिच्यासाठी घर रेडी ठेवतोय."

आल्यापासून मी एकदाही माहेरी गेले नव्हते. व्हिसाचं स्टॅम्पिंग, रजा, तिकिटं, दर वेळी काही तरी आडवं यायचं. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी त्याला आणखी पोळी हवी का विचारलं नाही.

मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो मला घ्यायला घरी आला. "चल लवकर, आलीय ती." कोण, हे विचारायची गरज नव्हती.

काठावर रेनकोट घातलेली माणसं देवळात उभी असावीत तशी गप्प उभी होती. पाण्यात हातभर लांबीची एक मासोळी, अंग लालसर, अंड्यांसाठी तळाचे खडे उकरून उकरून शेपटी पांढरी झालेली. कूस वळवायची, शेपटी आपटायची, पुन्हा ओंडक्याआड विसावायची. खरं सांगते, रूपाने काही नव्हती. असली मासळी मी आईला बाजारातून घेऊ दिली नसती.

पण नवरा तिच्याशी बोलत होता. अगदी हळू, मराठीत. "सावकाश. घाई नाही." पहिल्या धड्याला रिकाम्या पार्किंगमध्ये माझा पाय सारखा ब्रेकवर जात होता, तेव्हाचा हा आवाज. मला वाटत होतं, तो फक्त माझ्यासाठी आहे.

"मला थंडी वाजतेय," मी म्हणाले.

"श्श. डिस्टर्ब होईल तिला." माझ्याकडे न बघताच त्याने गाडीची किल्ली हातात दिली.

तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा वर गाडीपाशी आले, दार उघडून धाडकन बसले. रागाच्या भरात जुनी सवय उफाळली होती. डावं दार. समोर स्टिअरिंग. मी दोन्ही तळहातांनी हॉर्न दाबून धरला.

काठावरच्या सगळ्या माना वळल्या. तो धावत आला. चेहरा उतरलेला. "काय झालं?"

"ती गेली का?"

"नाही. आहे अजून."

गेली असती तर मला बरं वाटलं असतं. मी जागची हलले नाही. तो पावसात उभा राहून मी कुठे बसलेय ते बघत राहिला. मग वळसा घालून उजवीकडे येऊन बसला आणि पट्टा लावला. या वेळी हसला नाही. "चालवणार का?"

"हो. पण मघाशी बोलत होतास, तसं बोल."

मी गाडी रिव्हर्सला टाकली. मान मागे वळवून तो म्हणाला, "सावकाश. घाई नाही." मागे रस्ता होता आणि रस्त्याच्या पलीकडे ओढा. तो कुणाला म्हणत होता, ते मी विचारलं नाही.