खिडकीशी धरलेली फिल्म

वेलचेरीच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरीणबाई तंजावरकडच्या मराठी. मराठी बोलायच्या ती तमिळ हेलात. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावायच्याच नाहीत; खिडकीशी धरून आईबापांना म्हणायच्या, "तुम्हीच शोधा." माझी दीड वर्षाची लेक पलंगावरून पडली, तेव्हा तिच्या कवटीतली तड्याची काळी रेघ मी अशीच शोधली होती.

काही महिन्यांनी दुसरी फिल्म निघाली. "शोधा!"

"ही काय, आहे अजून!" मी एका रेघेवर बोट ठेवलं.

"अय्यो, ती तर कवटीच्या हाडांची शिवण! डोकं वाढायला देवानं ठेवलेली. सगळ्या पोरांना असते. तुमची रेघ कुठं?"

मी जुनी फिल्म शेजारी धरली, वरखाली पाहिलं. नव्हती! कुठ्ठेच नव्हती!

"लहान पोरांचं हाड असंच भरतं, जोडाची गाठसुद्धा ठेवत नाही!" बाई माझ्याहून मोठ्यानं हसल्या, जणू त्याही पहिल्यांदाच बघत होत्या.

तेवढ्यात लेक त्यांच्या स्टुलावर चढायला लागली. मी किंचाळून धावले. बाईंनी माझा दंड धरला.

"पडल्यापासून चढूच दिलं नाहीत, होय ना? चढू द्या पाप्पाला, बाळाला."

आणि स्वतः खाली वाकून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून राहिल्या.