मी तं फक्त उभा होतो

जेलच्या फाटकासमोर दर गुरुवारी बसणाऱ्या बायाइजवळ दोन गोष्टी ढिगानं असतात. एक पिशव्या, दुसरे किस्से. पिशव्या फाटकावर तपासतात अन् अर्धं सामान वापस करतात. किस्से कोणी तपासत नाही, म्हणून ते साचत जातात. माह्याजवळ इतके साचले की भाजीच्या गाडीवर मावणार नाहीत. त्यातले काही सांगते. हसू आलं तं हसा. आमी बी हसलो होतो.

मी मंदा. अकोल्याच्या जठारपेठेत भाजीची गाडी लावते. चौथी शिकली. माहा पंकज चाकूच्या केसमध्ये आत हाय. माह्यासंगं असते बेबी, बार्शीटाकळीची. तिच्या मळ्यात पालक अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकते. पन्नाशीची झाली तरी नाव बेबीच. तिचा दीपक बी आत. जेलचं नाव घेत नाही. अकोला-अमरावतीकडच्या पोरांनी भरलेलं एक जेल हाय, इतकं पुरे.

आमी त्याले पोराचं सासर म्हणतो. बसमध्ये कोणी इचारलं, 'कुठी चालल्या?' तं सांगाचं, 'पोराच्या सासरी.' एकदा शेजारच्या सीटवरची बाई खूश झाली. म्हणे, "वा, सून कशी हाय?"

बेबी म्हणे, "लोखंडाची हाय. पोराले सोडतच नाही."

* * *

फाटक उघडाले वेळ लागते अन् ऊन तं वऱ्हाडातलं. म्हणून रांगेत आमी उभं राहत नाही, चपला ठेवतो. चपला उन्हात, बाया लिंबाच्या झाडाखाली. जिची चप्पल पुढे तिचा नंबर पुढे. यावर भांडण होत नाही. बाकी सगळ्यावर होते.

एक दिवस एक नवी बाई आली. चप्पल काढाले तयार नाही. म्हणे, "नवीकोरी हाय, चोरी गेली तं?"

बेबी म्हणे, "ठेव बिनधास्त. चप्पल देवळासमोरून जाते, इथून नाही जात. इथचे चोर सारे आत हायेत."

आमी खदाखदा हसलो. ती बाई हसली नाही. मंग समजलं, तिचा पोट्टा चपलांचंच दुकान फोडल्यापायी आत होता.

* * *

खिडकीत एक साहेब बसते. आधार कार्ड पाहते, आतल्याचं नाव इचारून लिहिते अन् मंग इचारते, "नातं?" पहिले मान वर करून पाहे. आता नाही पाहत. त्याचं कारण पल्लवी.

पल्लवी आमच्यातली सगळ्यात लहान. लग्नाले वर्ष झालं नव्हतं अन् नवरा आत गेला. पहिल्या दिवशी साहेबानं इचारलं, "नातं?"

"बायको."

साहेबानं तिले वरून खाली पाह्यलं. म्हणे, "लग्नाची?"

"नाही साहेब," पल्लवी म्हणे, "भाड्यानं आणली. पावती दाखवू?"

त्या दिवसापासून साहेबानं जी मान खाली घातली ती घातली. बाई येवो, म्हातारी येवो, त्याची नजर कागदावरच.

* * *

लिंबाखाली सारेच पोरं निर्दोष असतात. एकीचा पोट्टा गाडीवर फक्त मांगं बसला होता. दुसरीचा फक्त पाणी प्याले थांबला होता. बेबीचा दीपक भांडण सोडवाले गेला होता. मी बी सांगितलं, "माहा पंकज म्हणते, माय, मी तं फक्त उभा होतो."

पल्लवी शेंगा फोडून राह्यली होती. म्हणे, "काकू, सारे नुसते उभेच होते, तं चाकू काय आपल्या पायानं चालत गेला?"

मंग बेबी म्हणे, "आता चाकू बी कोर्टात सांगन. साहेब, मी तं फक्त पडून होतो."

इतकं हसलो, इतकं हसलो, की फाटकावरचा शिपाई दंडा आपटत आला. म्हणे, "काय लग्नघर हाय का हे?"

* * *

मुलाकातीत मधात काच असते अन् दोन्हीकडे फोन. बोलाले वेळ थोडा. शहाणी बाई पहिले केसचं बोलते. बेबी काय बोले ते मी शेजारच्या काचेवरून दर गुरुवारी ऐको.

"जेवला का?"

"हाव."

"काय होतं?"

"वरण."

"पातळ?"

"पातळ."

"हं."

मंग भाजी कोणती, पोळी कच्ची होती का, कांदा भेटला का. फोन बंद होयेपर्यंत हेच. एक दिवस मी चिडली. म्हटलं, "बह्याड झाली का वं? तारीख कधी हाय, वकील काय म्हणते, हे इचार ना त्याले."

ती म्हणे, "मंदे, केसचं वकिलाले समजत नाही, मले काय समजन? वरणाचं मले समजते."

* * *

आत दोन पार्ट्या. एक 'भाऊ'ची, एक 'दादा'ची. आईच्या पोटचा भाऊ मेला तरी पाहाले न जाणारे पोट्टे तिथं कोण्या भाऊसाठी जीव द्याले तयार. माहा पंकज भाऊच्या पार्टीत गेला. जेलात जाऊन कोणी शिकते, कोणी सुतारकाम करते. यानं पार्टी धरली.

एका गुरुवारी काचेतून मले म्हणे, "माय, त्या बार्शीटाकळीवालीसंगं बसू नको. तिचा दीपक दादाचा माणूस हाय. आतमधी माही इज्जत जाते."

म्हटलं, "मी कोणापाशी बसाव हे तू सांगशीन? तू कुठी बसला ते पाह्य पहिले."

बाहेर आली तं बेबीचं तोंड उतरलेलं. तिले बी दीपकनं तेच सांगितलं होतं. अन् सुटून आलेले पोट्टे समोरच्या चहाच्या टपरीवर बसतात, आत खबर देतात. मंग काय करता? त्या दिवसापासून आमी लिंबाच्या बुडाशी पाठीले पाठ लावून बसाले लागलो. पाहणाऱ्याले वाटाव, दोघींचं वाकडं हाय. ती उगवतीकडे पाहून बोले, मी मावळतीकडे पाहून. मी खांद्यावरून भाकर दिली की ती खांद्यावरून ठेचा दे.

बेबी म्हणे, "आता आपली बी पार्टी झाली वं मंदे. पाठीवाली पार्टी."

* * *

तो बी गुरुवारच होता. चपला रांगेत होत्या, फाटक उघडाचं होतं. आतून थाळ्या वाजाचा आवाज आला. पहिले थोडा, मंग सारं जेल वाजाले लागलं.

पल्लवी म्हणे, "आज काही गोडधोड दिसते."

बेबी खूश झाली. म्हणे, "चला, आज दीपक पोटभर जेवन."

मंग भोंगा वाजला.

* * *

कशावरून झालं ते अजून बी कोणी धड सांगत नाही. कोणी म्हणे नळावरून, कोणी म्हणे टीव्हीवरून, कोणी म्हणे एकानं दुसऱ्याची बादली लाथेनं सरकवली. थाळ्या घासून घासून धार केली होती म्हणे, किती दिवसांपासून. जेवाच्या थाळ्या.

गाड्या आत गेल्या. पोलिसाइच्या, मंग दवाखान्याच्या. आमाले कोणी काही सांगेना. आमच्यासमोरचं फाटक, अन् खबर आली पल्लवीच्या मोबाइलवर, मुंबईच्या बातम्यांतून. तिघं मेले. नावं समजली नाहीत.

एक मोठा साहेब बाहेर आला. म्हणे, "बाया हो, घरी जा. मुलाकात बंद हाय."

बेबी उठली नाही. बसल्या बसल्या इचारलं, "साहेब, कोणत्या पार्टीचे गेले? भाऊचे की दादाचे?"

तिच्या तोंडून मी पार्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. साहेब पाठ फिरवून आत गेला. आमी तशाच बसून राह्यलो, पाठीले पाठ. तिची पाठ थरथरून राह्यली होती, मले लागत होती. तिनं देवाले काय मागितलं ते मले इचाराची गरज नव्हती. मी बी तेच मागत होती. नाव तेवढं दुसरं.

ऊन उतरल्यावर शिपाई आला अन् बेबीचं नाव घेतलं.

ती उठली. अनवाणीच गेली. तिची चप्पल रांगेत तशीच होती, निळी, पट्ट्याले सेफ्टीपिन लावलेली.

* * *

मुलाकात लय दिवस बंद होती. मी गाडी लावत होती, भाजी तोलत होती. जठारपेठेत एक ताई नेहमी येतात. वांगे निवडता निवडता म्हणे, "तुमचा मुलगा तिथेच आहे ना हो? वाचला ना? बाकी एक मात्र बरं झालं. आपसातच मेले. सगळे किडलेलेच."

मी तिच्या हातचे वांगे काढून घेतले. म्हटलं, "ताई, चांगले तुमी न्या. किडके माह्या घरी जातात. भाग कापून टाकतो, बाकीचं शिजवून खातो. अख्खं वांगं आमी फेकत नाही."

ती आता दुसऱ्या गाडीवर जाते. जाऊ दे.

* * *

पंकज वाचला, पण दंग्याच्या केसमध्ये त्याचं नाव आलं. दीपक पडला तिथं जे चार-पाच जण होते, त्यात हा होता. वकिलानं सांगितलं. फोनवर एकदा बोलू दिलं तवा मी सरळ इचारलं, "तुह्या हातानं झालं का?"

म्हणे, "माय, मी तं फक्त उभा होतो."

मी फोन ठेवून दिला.

पल्लवी बार्शीटाकळीले जाऊन आली. मी दोनदा एसटी स्टँडापर्यंत गेली. दोन्ही बारीले गाडी लागलेली होती, कंडक्टर "बार्शीटाकळी, बार्शीटाकळी" ओरडून राह्यला होता. चढली नाही. चढून काय सांगाचं होतं तिच्या दारात? माहा पोट्टा फक्त उभा होता?

पल्लवीले म्हटलं, "काही म्हणत होती का?"

"काहीच नाही काकू. आल्या-गेल्याले जेवाले वाढून राह्यली होती. कोणी नाही म्हटलं की रडे."

* * *

मुलाकात सुरू झाली त्या गुरुवारी मी जाणूनबुजून उशिरा गेली. रांग लांब होती. म्हटलं, मांगं चप्पल ठेवाव अन् कोपऱ्यात बसाव. पण रांगेत पुढे पाह्यलं तं निळी चप्पल, सेफ्टीपिनवाली. तिच्या मांगं एक दगड.

बेबी लिंबाखाली होती. पाठ नाही, तोंड माह्याकडे. म्हणे, "ये. तुहा नंबर धरला. तो दगड तुहा."

मले बसता येईना. टपरीवरचे पोट्टे पाहून राह्यले होते. ती म्हणे, "पाहू दे. बस."

बसली. तिनं भाकर काढली, मोडली, अर्धी मले दिली. खांद्यावरून नाही, हातात. पल्लवीनं शेंगा मधात ठेवल्या.

फाटक उघडलं. खिडकीपाशी साहेबानं मान खाली घालूनच इचारलं, "नाव?"

मी पंकजचं नाव सांगितलं.

"नातं?"

"माय."

"अन् या?"

मी मांगं पाह्यलं. बेबी माह्या मांगंच उभी होती, आधार कार्ड पुढे करून. म्हणे, "मावशी."

साहेबानं कार्डावरचं नाव वाचलं. मंग मान वर केली. किती महिन्यांनी केली असन. बेबीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मान खाली घातली अन् लिहिलं.

काचेपलीकडे पंकज आला. कपाळावर टाके होते, वाळून गेला होता. मले पाह्यलं, मंग माह्या बाजूले पाह्यलं, अन् जागच्या जागी थांबला. शिपायानं ढकललं तवा पुढे आला. मी फोन उचलाले हात पुढे केला, त्याच्या आत बेबीनं उचलला.

पंकजनं बी उचलला. त्याचा आवाज फोनमधून मले ऐकू येत होता.

"मावशी," तो म्हणे, "मावशी, आईची आण, मी तं फक्त..."

"ते नाही इचारलं," बेबी म्हणे. "जेवला का?"

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी काय करू?

"हाव."

"काय होतं?"

"वरण."

"पातळ?"

पंकजनं फोन दोन्ही हातांनी धरला. मांगं रांगेतल्या बायाइची कावकाव चालली होती, शिपाई घड्याळ पाहून राह्यला होता. बेबीनं फोन दुसऱ्या कानाले लावला अन् काचेच्या अजून जवळ सरकली.

"पातळ होतं का रे?"